शिबिर झालं आणि गावातली लग्नं थांबली

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बरं का. मध्येच फिसकन हसलात तर मी तिथेच थांबेन, आणि मग राहाल अर्धवट ऐकून. चहा घ्या. गार होतोय.

तर काय आहे, मी कायद्याची प्राध्यापक. बुलढाण्याला शिकवते. विषय माझा ग्राहक कर्ज. म्हणजे तुम्ही फ्रीज हप्त्यावर घेता ना, तो. मोटरसायकल, मोबाईल, सोनंतारण, आणि हल्ली ते फोनवर दोन मिनिटांत मिळणारं आणि जन्मभर पुरणारं कर्ज, सगळं माझ्या हद्दीत.

हा विषय मी घेतला तेव्हा स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. फौजदारी शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, खून-दरोडे सोडून हे काय फ्रीजचे हप्ते शिकवता?" म्हटलं, "सर, तुमच्या वर्गातल्या किती पोरांच्या घरी खून झालाय? आणि फ्रीज किती जणांकडे आहे?" पुढे त्यांचाच मेहुणा गाडीच्या हप्त्यात अडकला, तेव्हा माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मी फक्त हसले थोडी.

खोटं कशाला बोलू, या विषयात माझा हात धरणारं आमच्या जिल्ह्यात कोणी नाही. लग्नसमारंभात लोक डॉक्टरला गुडघे दाखवतात, मला कर्जाचे कागद दाखवतात. एकदा तर अंतरपाट धरलेल्या मामाने मान वळवून मला विचारलं, "बाई, हप्ता थकला तं गाडी रस्त्यातून उचलून नेता येते काय?" मीही सांगितलं! पार मंगलाष्टकं संपेपर्यंत सांगितलं. नवरा-नवरीने सुद्धा ऐकून घेतलं.

आता अशी बाई चुकेल असं वाटतं का तुम्हाला? मलाही वाटत नव्हतं.

माझं माहेर चिखलीजवळचं एक खेडं. नाव सांगत नाही, कारण गावाने मला आत्ता कुठे माफ केलंय. तिथे आमच्या शेजारी कमलकाकू राहतात. त्यांच्या पोराचे मोबाईलचे हप्ते थकले. तर दोन वसुलीवाले मोटरसायकलवरून आले आणि गल्लीभर विचारत सुटले, या घरात येतं किती, जातं किती, विकण्यासारखं काय आहे. सगळ्या गावासमोर काकू रडल्या बिचाऱ्या.

मला हे कळलं आणि माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की लोक भांडतात, मी शिबिर घेते.

मारुतीच्या पारावर शिबिर झालं. सगळं गाव हजर. मी माईक हातात घेतला आणि तासभर सोडला नाही. वसुली एजंटकडे ओळखपत्र मागा, अधिकारपत्र मागा, आवाज चढवला तर व्हिडिओ काढा, थाळी बडवून गल्ली गोळा करा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजाऱ्याची माहिती कोणालाही देऊ नका.

"अनोळखी माणूस गावात आला, आणि विचारायला लागला की अमक्याचं शेत किती, धंदा काय, गाडी कोणाच्या नावावर, तर काय म्हणायचं?"

"मले माहीत नाही!" सगळं गाव एका सुरात.

"आन् खरंच माहीत असंन तं?" गिरणीवाल्या समाधानने हात वर करून विचारलं.

"तरी नाही!"

"शेजारच्याले वळखत तं असनच ना, बाई?"

"ओळखसुद्धा द्यायची नाही!" मी ठणकावलं. टाळ्या पडल्या. काय सांगू, असा वर्ग मला कॉलेजात कधी मिळाला नाही. कॉलेजातली पोरं परीक्षा झाली की विसरतात. हे गाव एक शब्दही विसरलं नाही. तिथेच तर सगळी गोची झाली.

आता माझा भाचा गोपाल. भाचा म्हणजे दादाचा मुलगा, मी त्याची सख्खी आत्या. पोरगा सोन्यासारखा. शेती करतो, चिखलीच्या रस्त्याला ठिबकच्या पाइपांचं स्वतःचं दुकान आहे, सुपारीचं व्यसन नाही. पण लग्न जमेना! हल्ली आमच्याकडे पोरींना पुण्यातला नवरा पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत राहील पण पुण्यात राहील. गोपालला तिशी उलटून गेली होती आणि वहिनीने देवांची यादी संपवत आणली होती.

त्यातून मध्यस्थ एखादं स्थळ आणायचा. फोटो पसंत, पत्रिका पसंत, आणि मग एकदम गप्प. तिकडून फोनच नाही. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. वहिनीने घराला रंग दिला, अंगणात फरशी बसवली. दादाने गोपालला मिशी काढायला लावली, मग परत ठेवायला लावली. मीही सल्ला दिला, "फोटो बदला." कारण कोणाला कळेना.

मग आलं जळगाव जामोदकडचं स्थळ. वैष्णवी नाव. पोरगी बी. कॉम., बाप मिरची-कांदा पिकवणारा, घर चांगलं. आणि यावेळी आमचा गोपालच फोटो पाहून लाजला हो! जेवताना फोन मांडीवर उलटा ठेवायचा आणि दर दोन घासांनी सुलटा करून बघायचा. वहिनी मला फोनवर म्हणाली, "सुनंदाबाई, हे जर मोडलं ना, तं पोट्टा दुसरीकडं हो म्हनाचा नाही. मी वळखते त्याले."

त्याच रविवारी मी माहेरी गेले. दादा-वहिनी बाजाराला चिखलीला गेलेले, गोपाल दुकानात. मी ओसरीवर उत्तरपत्रिका तपासत बसले होते. एका पोराने जामीनदाराला आरोपी लिहिलं होतं, त्यामुळे आधीच माझा पारा चढलेला.

फटफटीचा आवाज आला. दोन माणसं. एक वयस्कर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. दुसरा तरणा, काळा गॉगल, बगलेत चामड्याची बॅग.

"राम राम. गोपालरावचं घर हेच काय?"

"हेच. तुम्ही कोण?"

"आमी असेच. सहज आल्तो."

सहज! वसुलीवाले नेहमी सहजच येतात. मी कान टवकारले.

"नाव काय तुमचं?"

"नावाचं काय घेऊन बसल्या, बाई," म्हातारा म्हणाला. "जमलं तं कळंनच."

ऐकलंत? ही सरळ धमकी नाही तर काय? एवढ्यात तो गॉगलवाला अंगणातल्या ट्रॅक्टरभोवती फिरायला लागला. चाकाला लाथ मारून पाहिली, सीटवर हात फिरवला.

"हा टॅक्टर घरचा हाय का बँकेचा?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही, पाहून राह्यलो. दुकान सोताचं का भाड्याचं? इहिरीले पानी राह्यते काय उन्हाळ्यात? पोट्टा पेते-बिते काय?"

पिण्याचा प्रश्न ऐकून मी थोडी चमकले, नाही असं नाही. पण म्हटलं, या धंद्यात आजकाल काहीही विचारतात. आणि तुम्हाला सांगते, शंका माझ्याजवळ फार वेळ थांबत नाही. मी लाल पेन खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"न कळवता कोणाच्या घरी येणं बरोबर आहे का?"

म्हातारा हसला. "कळवूनसन्या आलं का मानूस तयारी करून बसते, बाई. आमाले खरं पाह्याचं हाय."

"ओळखपत्र?"

त्याने बिचाऱ्याने खिशात हात घातला. मी तो हात थांबवून पुढचा प्रश्न टाकला, कारण माझी लय लागली होती. "पाठवलं कोणी तुम्हाला?"

"घरच्याईनं."

"अधिकारपत्र आहे?"

"आं?"

"लेखी! तुम्हाला पाठवल्याचं लेखी पाहिजे."

त्याने गॉगलवाल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, आमच्या घरची तोंडीच सांगते. तिनं तोंडी सांगतलं का लिहाची गरजच पडत नाही."

"म्हणजे तोंडी आदेशावर लोकांच्या दारात जाता?"

"लग्नापासून जातो."

मला वाटलं, लग्न झाल्यापासून हीच नोकरी करतोय!

मग काय, मी सुरूच झाले. मोबाईल काढून व्हिडिओ चालू केला. कलमं, परिपत्रकं, ग्राहक आयोग, सगळं त्यांच्या अंगावर घातलं. रागावले की माझं पुस्तकी मराठी गळून पडतं. "काऊन बे," मी त्या गॉगलवाल्याला म्हटलं, "दुसऱ्याच्या टॅक्टरले लाथ मारतं? तुह्या बापाचा हाय काय?"

"ओ बाई, नीट बोला हां!" तो तापला.

झालं. आवाज चढवला! माझ्या शिबिरात यावर उपाय सांगितलेला होता. शेजारून कमलकाकू थाळी बडवत बाहेर आल्या. थाळी ऐकून गल्ली आली, गल्ली पाहून गाव आलं.

म्हाताऱ्याने गर्दीकडे वळून हात जोडले. "अवो, तुमीच सांगा आता. गोपालराव पोरगा कसा हाय?"

"मले माहीत नाही!" सगळं गाव एका सुरात.

"अरे, ह्याच गावचा हाय ना तो?"

"मले माहीत नाही!"

समाधान गिरणीवाला तर चार पावलं पुढे येऊन छाती काढून म्हणाला, "कोन गोपाल? आमी वळखतच नाही." लहानपणी गोपालसोबत एका ताटात जेवलेला पोरगा हो हा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं अभिमानाने.

शेवटी मी म्हाताऱ्याला म्हटलं, "या सगळ्या गावासमोर सांगा, पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही."

त्याने घराकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पाऊल म्हन्ता, बाई? मी ह्या रस्त्यानं जानारी एस्टीसुदीक धरनार नाही!"

फटफटी गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायरीवर उभी राहून छोटंसं भाषण केलं. कमलकाकूंनी सगळ्यांना चहा पाजला, आणि मी त्या पोराला जामीनदाराच्या प्रश्नात दोन मार्क वाढवून दिले, इतकी खुशीत होते.

दादा-वहिनी बाजारातून आले तेव्हा मी त्यांना रंगवून रंगवून सांगत होते. व्हिडिओ दाखवणार, तेवढ्यात दादाचा फोन वाजला. मध्यस्थ. दादा नुसता "हाव... हाव..." करत होता, आणि प्रत्येक 'हाव' आधीच्यापेक्षा बारीक. फोन ठेवून तो खाटेवर बसला.

"सुनंदे," तो म्हणाला, "पांढरा सदरा होता काय?"

"होता. का?"

"तो वैष्नवीचा बाप होता. पुंडलिकराव. आन् गॉगलवाला तिचा मामा."

माय माय माय! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती मी त्या दिवशी सरकताना पाहिली. आमच्याकडची रीतच आहे हो. पोरगी देणारा माणूस आधी नाव-गाव न सांगता मुलाच्या गावात येतो. टपरीवर चहा पितो, गिरणीवर बसतो, शेजारीपाजारी विचारतो. गाव चांगलं बोललं तरच पुढची बोलणी. हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या लग्नाच्या वेळी आमच्या वडिलांनीही असंच केलं होतं! पण डोक्यात वसुली भरलेली असली की दारात सोयरा दिसत नाही.

आणि इथे संपलं असतं तर बरं. कमलकाकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, मंग ते अगोदरचे तिघं बी..."

"कोण तिघं?"

"असेच आल्ते एकेक करून. गोपालचं विचारत. आमी काही सांगतलं नाही. तुमीच म्हनल्या होत्या ना?"

वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली. अंगणभर कांदे. आमच्याकडे सोयरिकीच्या चौकशीला "माहीत नाही" म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. पोरगा वाया गेलेला आहे, शेजारधर्म म्हणून आम्ही तोंड उघडत नाही! आणि फक्त गोपालच नाही, शिबिर झाल्यापासून गावातल्या एकाही पोराची सोयरीक जमली नव्हती. सगळी स्थळं टपरीपर्यंत येऊन माघारी गेलेली. एका शिबिरात मी गावच्या गाव ब्रह्मचारी ठेवलं होतं!

"सुनंदाबाई," वहिनी म्हणाली, "तुमाले हात जोडते. पुढचं शिबिर लोनारले घ्या, बुलडान्याले घ्या, चंद्रावर घ्या. अठी नको."

गोपाल संध्याकाळी आला. त्याला सगळं कळलेलं होतं. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "जाऊ दे, आत्या. तू काय मुद्दाम केलं?" आणि जेवायला बसला. फोन खिशातच ठेवून. मला इतकं वाईट वाटलं ना, ताट सोडून अंगणात उरलेले कांदे वेचायला गेले.

पण मी रडत बसणारी बाई नाही. दुसऱ्याच दिवशी दादाला गाडीत घातलं आणि खामगाव-नांदुरा करत थेट पुंडलिकरावांच्या दारात. ते ओट्यावर मिरच्या निवडत होते. मला पाहून पाटी घेऊन उठलेच.

"आता काय, बाई? वारंट आनलं काय?"

"माफी मागायला आलेय."

माफी मागितली, आणि मागितली ती माझ्या पद्धतीने, म्हणजे प्रस्तावना, पार्श्वभूमी, चूक आणि निष्कर्ष. शिबिराचं सगळं सांगितलं. मामा गॉगल काढून ऐकत होता. मध्येच त्याला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. पुंडलिकराव मात्र हसले नाहीत.

"तुमचं खरं असंन," ते म्हणाले. "पन बाई, मी पोरीचा बाप हाय. तुमच्या गावात कुत्रंसुदीक पोराबद्दल चांगलं बोललं नाही. आता तुमी म्हनान, गाव बोलंन. पन ते शिकवलेलं बोलंन. मी माही पोरगी कोनाच्या भरोशावर देऊ?"

प्रश्न बिनतोड होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या भरोशावर द्या. मी गोपालची जामीनदार."

"जामीनदार म्हंजे नुसतं बोलाले?"

"नुसतं बोलायला?" माझा अभिमान दुखावला. अख्खं आयुष्य घातलंय मी यात! "अहो, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. एक पैसाही कमी नाही. उद्या गोपालने दिलेला शब्द मोडला, तर तो मी पाळायचा. लिहून घ्या."

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "एक विचारू काय, बाई?"

वैष्णवी. चहाचा ट्रे हातात, नजर सरळ माझ्यावर.

"विचार ना."

"पहिले त्याहिलेच मांगा लागते काय? त्याहिनं नाही म्हनलं, मंगच जामीनदाराकडं याचं?"

इतक्या वर्षांत असा नेमका प्रश्न मला वर्गात कोणी विचारला नव्हता! मी हरखूनच गेले. "शाब्बास! सगळे इथेच चुकतात. मुळीच नाही. मूळ कर्जदाराला विचारायची गरजच नाही. सरळ जामीनदाराच्या दारात जाऊन उभं राहायचं. त्याला नाही म्हणता येत नाही!"

"मंग ठीक हाय," ती बापाला म्हणाली. "मले चालते."

पुंडलिकराव पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाई, पोरगा अजून पाह्यला नाही, पन आत्या भेटली." पुढच्या आठवड्यात ते ट्रॅक्टर बघायला परत आले, शब्द मोडून. आणि लग्न असं लागलं म्हणता! गावात सनई वाजली तेव्हा पारावरचे सगळे बिनलग्नाचे पोरगे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. त्या शिबिराला मी एक दुरुस्तीही जोडली, सोयऱ्याला सगळं सांगायचं. आता गाव सगळंच सांगतं, नको ते पण सांगतं.

माझा विजयच झाला ना? मीही तेच समजत होते.

मागच्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. वैष्णवी. चिखलीहून पहिली एस्टी धरून आलेली.

"काय गं, एकटीच?"

"त्याहिनं लग्नात शब्द देल्ता, दर रविवारी सैपाक मी करीन म्हनून. दोन रविवार झाले, काही नाही."

"मग त्याला विचारलंस का?"

"त्याहिले काऊन विचारू?" ती माझ्या सोफ्यावर मांडी घालून बसली. "सरळ तुमच्याकडंच आली. मले पुरनपोळी खाची हाय."

कायदा तिच्या बाजूने होता, आणि शिकवला मी होता. पुरण शिजवलं, वाटलं, कंबर मोडेपर्यंत पोळ्या लाटल्या. दुपारी खाली फटफटी थांबली. गोपाल! म्हटलं, आला बाबा बायकोची समजूत काढायला. मी पिठाचे हात तसेच घेऊन दार उघडलं.

मूळ कर्जदार माझ्याकडे न बघता सरळ आत गेला, बायकोच्या शेजारी पाटावर बसला, तिच्या ताटातला घास मोडला आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "आत्या, तूप वाढजो! आन् पुढच्या रविवारी जरा जास्ती कर, सासरेबुवा बी येनार हायेत."